हिमालयातील नदीकाठचे पक्षी

हिमालयातील खळाळत्या नद्यांवर उपजीविका करणाऱ्या पक्ष्यांची शास्त्रीय ओळख प्रथम संग्रहालयांतील नमुन्यांवरून झाली. निकोलस व्हिगर्झ यांनी १८३१–३२ मध्ये लंडन येथे आयबिसबिल, लहान फोर्कटेल व दोन थिरथिरे यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत भर रंगरूपावर होता. ब्रायन हॉजसन यांनी नेपाळमधील वास्तव्यात (१८४३ पर्यंत) सवयी व अधिवास यांच्याही नोंदी केल्या. सालिम अली यांच्या इंडियन हिल बर्ड्‌स (१९४९) या ग्रंथामुळे हे पक्षी सामान्य वाचकांस परिचित झाले.

एकाच प्रवाहावर अनेक जाती नांदतात, कारण त्यांचे भक्ष्य मिळविण्याचे मार्ग भिन्न आहेत. तपकिरी डिपर बुडी मारून तळावरील कीटकांच्या अळ्या टिपतो, आयबिसबिल बाकदार चोचीने गोट्यांखाली शोध घेतो, थिरथिरा खडकावरून झेपावून उडते कीटक पकडतो, तर तुरेवाला खंड्या मासे धरतो. नद्यांवरच अवलंबून असणाऱ्या जातींची विविधता जगात हिमालयातच सर्वाधिक असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात दिसून आले.

धरणामुळे वेगवान प्रवाहाचा जलाशय झाला की गोटे व उथळ पाणी बुडते आणि या पक्ष्यांचे भक्ष्यस्थानच नाहीसे होते. भागीरथीवरील टेहरी धरणातून २००६ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. अशा प्रकल्पांचा विचार करताना पाण्याबरोबर प्रवाहाचेही मोल लक्षात घेणे अगत्याचे ठरते.