बिलांमधून काढलेला इतिहास

मंडळी, डेटाबेसमध्ये जो कॉलमच नाही त्यावर रिपोर्ट मागणारा साहेब आपल्यापैकी बऱ्याच जणांना भेटलेला असतो. फ्रान्समध्ये 2016 नंतर जवळपास तसंच झालं, आणि रिपोर्ट निघालासुद्धा!

प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्या माणसाने लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध. जानेवारी 2016 पासून फ्रान्सचा सरकारी आरोग्य विमा त्याचा पूर्ण खर्च देऊ लागला. पण ते घेतंय कोण? विम्याकडे जवळजवळ सगळ्या देशाची औषधांची बिलं होतीच (नावं काढून टाकलेली). गोची अशी, की बिलावर औषधाचं नाव असतं, कारण नसतं. आणि ट्रुवाडा ही गोळी प्रेपसाठी चालते, तशीच एचआयव्हीच्या उपचारातही.

मग एपी-फार या गटाने (औषध नियामक आणि विमा संस्था यांनी 2018 साली मिळून काढलेला) चक्क वजाबाकी केली. एचआयव्हीसाठी दीर्घ आजाराची सवलत घेणारे वगळा, सोबत एचआयव्हीचं दुसरं औषध चालू असलेले वगळा, धोका घडून गेल्यावरचा 28 दिवसांचा कोर्स करणारे वगळा. उरले ते प्रेपवाले. आपण रोज लिहितो तसलीच क्वेरी की हो!

खरी मेख पुढे आहे. फ्रान्सच्याच इपरगे चाचणीत 400 जण होते. त्यात गोळी रोज घ्यायची नव्हती: संबंधाआधी दोन, नंतर 24 तासांच्या अंतराने एकेक. लागण 86 टक्क्यांनी घटली. म्हणजे 30 गोळ्यांची डबी एकाला महिनाभर, तर दुसऱ्याला तीन महिने पुरणार. कमी डब्या नेणारा बेफिकीर की हिशेबी, हे बिल कसं सांगणार? एपी-फारने 2022 साली पुरुषांवरचा अभ्यास छापला, त्यात प्रेपचा परिणाम सरसकट 60 टक्के, पण भरपूर डब्या नेणाऱ्यांत 93 टक्के निघाला. औषध तेच. मला तर तो 60 चा आकडा गोळीपेक्षा माणसांबद्दलच जास्त बोलतो असं वाटतं.

असो. याच बिलांतून दिसलं, की प्रेप घेणारे बहुतेक सगळे पुरुष आणि तेही मोठ्या शहरांतले. जून 2021 पासून गल्लीतल्या डॉक्टरलाही प्रेप सुरू करून द्यायची मुभा मिळाली. पण फ्रान्समधल्या नव्या लागणींत आफ्रिकेतून आलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे, आणि प्रेपच्या बिलांत बायका जेमतेमच सापडतात.