तळटीप : जोडाचा कमठा

* जोडाचा कमठा : मुठीपाशी सुटून दोन तुकडे होणारे लाकडी धनुष्य. मुळशी-मावळातल्या कातकऱ्यांचा तिरकमठा एकसंध असतो, म्हणून हा प्रकार वाचकाला परका वाटेल. पण कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. १७व्या-१८व्या शतकांतल्या काही पोलादी कमानी मुठीत आटे पाडून दोन भागांत केलेल्या आढळतात. लाकडात आटे टिकत नाहीत, म्हणून एकात एक घट्ट बसणाऱ्या धातूच्या दोन नळ्या वापरतात. साडेपाच फुटी कमठा मग तीन फुटांच्या आत येतो आणि एसटीतही सहज नेता येतो.

मूठ जाड ठेवल्याने तिथे वाक दिसत नाही, पण दोरी ओढली की सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. म्हणून आखूड नळी घालून भागत नाही. जोड आधी पक्का करायचा, मगच दोन्ही बाहू तासायला घ्यायचे. दोन्ही सारखे वाकेपर्यंत पोटाकडून काचेच्या तुकड्याने खरवडत जायचे. पाठीकडचे वर्षवलय कुठेही तुटू द्यायचे नाही, कारण चीर तिथूनच जाते.

लाकूड धामणीचे उत्तम, चिवट आणि लवचीक. मुळशीच्या पावसात मात्र ते दमट हवा ओढून फुगते. नळीत जाणारी टोके राळेने बंद केली नसतील, तर फुगलेले लाकूड जोडावर जोर देते आणि तो श्रावणात सुटता सुटत नाही. हातोडी लावू नये. कमठा चुलीपासून दूर, कोरड्या जागी आठवडाभर टांगावा. — संपा.