कापसाची तेजी आणि सरकारची तिजोरी

माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणून मला जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात आम्ही शिक्षक म्हणत होतो, सरकारचं उत्पन्न वाढलंय, मग अडतं कुठे? समोरून उत्तर यायचं, "ते टिकणार आहे का?" तेव्हा राग आला. पण प्रश्न खरा आहे, आणि जुनाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, तेव्हा आपल्या कापसाचे भाव कडाडले. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला. सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजारही बुडाला.

पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात तीस वर्षांचा सारा-बंदोबस्त नेमका याच सुमारास संपला. १८६७ च्या नव्या आकारणीत तेजीतले भाव हिशोबात धरले गेले आणि सारा जवळपास दीडपट झाला. कागदावर सरकारचं उत्पन्न वाढलं. भाव मात्र उतरतच राहिले. सारा रोखीत भरायचा, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारी गेला. पुढे सावकारानेही हात आखडला. १८७४ मध्ये सरकारलाच साऱ्याच्या वाढीवर मर्यादा घालावी लागली. तरी उशीर झाला होता. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. गावोगावी कर्जाची खतं जाळली गेली. दंग्याचं कारण एकटा सारा नव्हे, पण साऱ्याचा वाटा मोठा होता.

मग टिकाऊ काय असतं? मलिक अंबरने जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा ठरवला. १६२६ मध्ये तो वारला, पण त्याची पद्धत मागे उरली. त्या तेजीच्याच दशकात आमच्या भुसावळला रेल्वे आली. कापसाचा भाव गेला, रूळ राहिले. त्यांवर गावाची चूल आजही पेटते.

तिजोरी भरली की आधी विचारावं, ती कशामुळे भरली? एका हंगामामुळे, की बसवलेल्या घडीमुळे?

पेन्शन मी आजही मागतो. सरकारनेही हा प्रश्न मला जरूर विचारावा. फक्त देतानाच नव्हे, घेतानाही तो विचारावा. १८६७ मध्ये घेताना कोणी विचारला नव्हता.