पलंगाचं बाकडं : बर्मा सागवान आमच्या खोलीत कसं आलं

आजचा भाग आमच्या घरातल्या एका पलंगाबद्दल आहे. म्हणजे, तो आता पलंग राहिलेला नाही. त्याचं खिडकीखालचं पेटीवालं बाकडं झालंय, आणि उरलेल्या लाकडाची स्वयंपाकघरात मांडणी. पण हे होण्याआधी घरात बरीच भांडणं झाली, आणि लाकूड सुटं झालं तेव्हा जे दिसलं त्यामुळे मी दोन आठवडे इतिहासाची पुस्तकं घेऊन बसलो.

आमची जुनी खोली वरळीच्या बीडीडी चाळीत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या चाळी. खोली १६० चौरस फूट. त्यात पणजोबांचा पलंग. उंच, चार खांबांचा, हिरव्या ऑइल पेंटचा. त्यावर झोपायचं एकच माणूस, आधी पणजोबा, शेवटी आज्जी. बाकी सगळे खाली नाहीतर गॅलरीत. तुम्ही म्हणाल, इतक्या लहान खोलीत एवढा पलंग कशाला? अहो, पलंगाखालीच तर अर्धं घर होतं! गव्हाचे डबे, गणपतीचं मखर, ट्रंका, पाहुण्यांच्या गाद्या.

इथे जरा थांबतो. गावाकडच्या जुन्या घरात सामान ठेवायला भिंतीच असायच्या. जाड मातीच्या भिंतीत कोनाडा, लाकडी दारांचं फडताळ, वर माळा, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. फर्निचर असं फार नसायचंच, एखादा पेटारा असला तर असला. गिरणीत कामाला आलेल्या माणसाला मुंबईत भाड्याची खोली मिळाली आणि तो कोनाडा गेला. मग पलंगाखाली जागा झाली, पोटमाळा आला, दारावर फळी आली. आपण आज ज्याला ‘स्टोरेज’ म्हणतो त्याची चाळीतली सुरुवात ही अशी आहे, असं माझं मत.

आता भांडण. नवीन घर मिळालं. बेडरूममध्ये एक पलंग आधीच घेतलेला. भंगारवाला म्हणाला, चार हजार देतो. आत्या म्हणाली, देऊन टाका, आज्जी त्याच्यावर गेली, मला तो बघवत नाही. आई म्हणाली, मला डबे ठेवायला जागा हवी. आणि बाबा काहीच बोलेनात. तीन दिवस. चौथ्या दिवशी म्हणाले, “विकायचा नाही. मोडायचा असेल तर घरात मोडा.”

सुतारकाका आले. त्यांनी आधी पलंगाचा एक पाय उचलून बघितला, मग खालच्या बाजूला जिथे रंग नव्हता तिथे पटाशीने बोटभर खरवडलं आणि वास घेतला. मलाही दिला. जुन्या चामड्यासारखा तेलकट वास. “बर्मा,” एवढंच म्हणाले.

मंडळी, बर्मा म्हणजे आजचं म्यानमार. मुंबईत हे लाकूड आलं कसं? त्याआधी आपल्याकडे मलबारचं सागवान चालायचं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने त्याची जहाजं बांधली. १८१७ मधलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय! सागवानात मुळातच तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही, पाण्याने लवकर कुजत नाही. मलबारची जंगलं आटत गेली तशी इंग्रजांची नजर बर्माकडे वळली. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंची बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू झाली.

तिथली पद्धत ऐका. ताजं सागवान पाण्यात बुडतं. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती गोल खाच पाडायची आणि झाड उभ्या उभ्या मरू द्यायचं. दोन-तीन वर्षं तसंच वाळवायचं. मग तोडायचं, हत्तींनी ओढ्यापर्यंत ओढायचं, पावसाचा पूर आला की ओंडके वाहत मोठ्या नदीत, आणि इरावतीवरून तराफे बांधून रंगूनला. म्हणजे आमच्या पलंगाचं लाकूड सुताराच्या हाती लागायच्या कितीतरी वर्षं आधी मरायला लागलेलं होतं.

१८८५ मध्ये बर्माच्या दरबाराने या कंपनीवर आरोप केला की ओंडके कमी दाखवून पैसे बुडवले. दंड ठोठावला सुमारे २३ लाख रुपये. इंग्रजांना फ्रेंचांची धास्ती होतीच, हे निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये फौज निघाली आणि दोनेक आठवड्यांत मंडालेचा राजा थिबा शरण आला. १ जानेवारी १८८६ ला त्याचं राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं. आणि राजाला आणून ठेवलं कुठे? आपल्या रत्नागिरीत. १९१० मध्ये तो थिबा पॅलेसमध्ये राहायला गेला, १९१६ मध्ये तिथेच वारला. माझे पणजोबा रत्नागिरीचे. म्हणजे बर्माचा राजा रत्नागिरीत बसलेला, रत्नागिरीची पोरं पोटासाठी मुंबईला निघालेली, आणि बर्माचं लाकूड मुंबईच्या बंदरात उतरत होतं. शाळेत थिबाचा धडा होता का हो तुम्हाला? मला तरी नव्हता.

१९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि त्या वाटेने येणारा माल थांबला. त्यामुळे मी हिशोब मांडला होता की पलंग त्याच्या आधीचा, आणि पणजोबांनी नवा करून घेतलेला. पहिलं बहुतेक बरोबर असावं. दुसरं साफ चुकलं.

कारण सुतारकाकांनी पाचरी ठोकून काढल्या, फळ्या उलट्या केल्या, तर आतल्या बाजूला बिजागरीच्या खाचा! दोन फळ्यांवर तीन-तीन, सारख्या अंतरावर. एकीवर कडीचं भोक, लाकडाचा तुकडा घालून बुजवलेलं. काका हसले. “हे कुणाच्या तरी घराचं दार होतं.” कुणाचं, कुठलं, काही कळायला मार्ग नाही. पणजोबांनी तरी दार मोडूनच पलंग करून घेतला होता, नाहीतर कुणी केलेला जुना उचलून आणला होता. बाबा बराच वेळ त्या खाचांवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, “कापा आता.”

पलंगाच्या फळ्यांचं बाकडं झालं. बसायची उंची दीड फूट, वर उचलायचं झाकण, आत दोन कप्पे. डोक्याकडच्या बाजूची आणि खांबांची मांडणी झाली. एक पाय तळाशी पोकळ निघाला, वर्षानुवर्षं फरशी धुतल्याचं पाणी पिऊन. तेवढा टाकला. एक चूक माझी. मी घाईघाईत खिडकीचं माप चौकटीच्या आतून दिलं, म्हणून बाकडं चार बोटं आखूड पडलंय. त्या फटीत आता छत्र्या राहतात.

तुम्ही असं काही करणार असाल तर जुन्या ऑइल पेंटकडे लक्ष द्या. त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, मास्क लावा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. पेटीला मागून हवेची भोकं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आतल्या गाद्यांना बुरशी येते. करवत लावण्याआधी सगळ्या फळ्या उलट्या करून बघा. आणि नक्षीकाम असलेला, धडधाकट पलंग असेल तर कृपा करून कापू नका. आधी मटण स्ट्रीटला चोरबाजारात एक चक्कर मारा, तो आहे तसा किती मोलाचा आहे ते कळेल. आमचा साधा होता, एक पाय गेलेला होता, म्हणून मला वाईट वाटलं नाही. फार वाटलं नाही, असं म्हणतो.

बिजागरीच्या खाचा आम्ही बुजवल्या नाहीत. काकांनी ती फळी झाकणाला लावली, खाचा आतून येतील अशी. आत्या परवा आली होती. त्यावरच बसली. चहा प्यायली, आणि झाकण उचलून आज्जीची गोधडी कुठल्या कप्प्यात ठेवलीय ते बघून गेली.