तोतरेपणा (बालवयातील)

बोलताना शब्दाचा पहिला ध्वनी पुन्हा पुन्हा उमटणे, तो लांबत जाणे किंवा आवाजच न फुटणे, अशा रीतीने वाणीचा ओघ तुटण्याला तोतरेपणा म्हणतात. बोबडेपणाहून तो वेगळा. बोबडे मूल ‘गाडी’ला ‘दादी’ म्हणते, पण न अडता म्हणते. तोतऱ्या मुलाला शब्द नेमका ठाऊक असतो, उच्चारही बहुधा येत असतो. त्याची सुरुवातच होत नाही.

दोन-तीन वर्षांची बहुतेक मुले ‘मला, मला ते हवंय’ असे अख्खे शब्द दोनदा म्हणतात. ते भाषा शिकण्याचाच भाग आहे. तोतरेपणात ‘म-म-म-मला’ असे तुकडे पडतात, ‘स्स्स्साखर’ असा ध्वनी ताणला जातो. सर्वांत त्रासाची अवस्था आवाज अडकण्याची. तोंड उघडलेले, ओठ ताठ, पण आवाज नाही. मग मूल डोळे घट्ट मिटते, मान झटकते, कधी पाय आपटून शब्द बाहेर काढते. तेच मूल वर्गाबरोबर बडबडगीत म्हणताना एकदाही अडखळत नाही. त्यामुळे ‘मुद्दाम करतो’ असा शेरा त्याला ऐकावा लागतो आणि तो सर्वस्वी अन्यायाचा असतो.

सुरुवात बहुधा 2 ते 5 वर्षांच्या दरम्यान होते. अनेकदा ती अचानक होते. आठवड्याभरापूर्वी घडाघडा बोलणारे मूल अडू लागते. सुमारे 5 टक्के किंवा थोड्या अधिक मुलांना कधी ना कधी हा त्रास होतो. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा तो काही वर्षांत आपोआप जातो आणि एकूण लोकसंख्येत त्याचे प्रमाण सुमारे 1 टक्का उरते. मुली मुलांपेक्षा अधिक प्रमाणात बऱ्या होतात. म्हणून मोठेपणी एका तोतऱ्या स्त्रीमागे चार पुरुष दिसतात.

कारणे शोधताना शतकानुशतके जिभेवर ठपका ठेवला गेला. बर्लिनचे शल्यचिकित्सक योहान डीफेनबाख यांनी 1841 मध्ये तोतऱ्यांच्या जिभेवर शस्त्रक्रिया केल्या; त्या व्यर्थ ठरल्या. आपल्याकडे वेखंड उगाळून चाटवण्यामागेही ‘जीभ जड आहे’ हीच समजूत आहे. विसाव्या शतकात ठपका आईवडिलांवर आला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. त्यांचे मत असे, की पालक स्वाभाविक अडखळण्याला दोष ठरवतात आणि त्यातूनच तोतरेपणा जन्मतो. 1939 मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथालयातील 22 मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना ‘तुम्ही तोतरे होऊ लागला आहात’ असे सांगून सतत टोकले गेले. मुले बोलायला कचरू लागली, गप्प झाली, पण पुढे झालेल्या फेरतपासणीत त्यांना तोतरेपणा जडल्याचे दिसले नाही. विद्यापीठाने 2001 मध्ये जाहीर माफी मागितली. निष्पाप मुलांना भोगावा लागलेला हा छळ तर होताच, शिवाय ज्या सिद्धान्तासाठी तो झाला त्यालाही या प्रयोगाने आधार दिला नाही. तरीही पालकांना दोषी धरणारा समज टिकून राहिला आणि अनेक आयांनी अकारण अपराधीपण वाहिले.

आजच्या माहितीनुसार मूळ कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तोतरेपणा घराण्यात चालत येतो. एकरूप जुळ्यांत तो दोघांनाही असण्याची शक्यता भिन्नरूप जुळ्यांहून अधिक असते. 2010 मध्ये डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून सुरुवात करून तीन जनुकांतील बदल दाखवले. पेशीतील टाकाऊ द्रव्ये विघटित करणाऱ्या यंत्रणेशी त्या जनुकांचा संबंध आहे. मात्र त्यांतून थोड्याच रुग्णांचे स्पष्टीकरण मिळते. एकच ‘तोतरेपणाचे जनुक’ नाही. मेंदूच्या प्रतिमांत ऐकणे आणि बोलण्याच्या हालचाली यांना जोडणारे डाव्या बाजूचे तंतुमार्ग काहीसे दुबळे आढळतात. हालचालींना वेळेवर चालना देणाऱ्या खोल भागांच्या कामातही फरक दिसतो. समूहगानात बाहेरून ताल मिळत असल्याने अडखळणे थांबत असावे, असे मानले जाते.

भीती, रागावणे, घरातला ताण, धाकट्या भावंडाचा जन्म यांनी तोतरेपणा उपजत नाही. थकवा, घाई, उत्तेजना यांनी तो त्या वेळेपुरता वाढतो. ‘सावकाश बोल’, ‘आधी विचार कर’ या सूचना मायेने दिलेल्या असतात, पण त्यांनी मुलाचे लक्ष सांगण्याच्या गोष्टीवरून तोंडाकडे वळते. मोठ्यांनी स्वतः संथ बोलणे, वाक्य मध्येच पुरे न करणे, शेवटपर्यंत ऐकून घेणे अधिक उपयोगी. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असल्यानेही तोतरेपणा होत नाही. ‘घरची भाषा सोडा’ हा सल्ला निराधार आहे आणि मुलाला आजी-आजोबांपासून तोडणारा आहे.

घराण्यात मोठेपणीही टिकलेला तोतरेपणा, साडेतीन वर्षांनंतरची सुरुवात, सहा महिने ते वर्षभर सुधारणा नसणे, किंवा मूल बोलणे टाळू लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास वाचा-भाषा तज्ज्ञाकडे जावे. शाळेत जाण्याआधी केलेल्या उपचारांना अधिक यश येते. मुंबईतील अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या सरकारी संस्थांत तपासणी व उपचाराची सोय आहे.