उत्क्रमी रंगीत फिल्म व हौशी चित्रण

उत्क्रमी रंगीत फिल्म व हौशी चित्रण : कॅमेऱ्यात उद्भासित झालेल्या फिल्मवरच विकसनानंतर धनचित्र उमटते, अशा फिल्मला उत्क्रमी फिल्म म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत आधी ऋणचित्र तयार होते व त्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात. उत्क्रमी पद्धतीत ऋणचित्र मागे उरत नाही. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच पुढे प्रक्षेपकावर चढते. १६ मिमी., ८ मिमी. व सुपर ८ या अरुंद पट्ट्यांवरील घरगुती रंगीत चलच्चित्रे आणि ३५ मिमी. फिल्मवरील पारदर्शिका म्हणजेच स्लाइड सु. १९३५ ते १९८५ या काळात मुख्यत्वे याच फिल्मवर काढल्या गेल्या. त्यामुळे त्या अर्धशतकातील घरगुती सोहळे, प्रवास, वन्य जीवन व लोकजीवन यांची रंगीत नोंद बहुतांशी एकुलत्या एका प्रतीच्या रूपातच अस्तित्वात आहे. ती प्रत नष्ट झाली, की नोंदही कायमची नष्ट होते.

तंत्र : फिल्मवर निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असे पायसाचे तीन थर असतात. पहिल्या विकासकाने उद्भासित रजत-लवणाचे रजतात रूपांतर होऊन ऋणप्रतिमा मिळते. नंतर उरलेले लवण प्रकाशाने वा रसायनाने विकसनक्षम करून रंगविकासकात धरले जाते. या वेळी रजताबरोबरच तीन थरांत अनुक्रमे पिवळे, किरमिजी व हिरवट निळे रंजक तयार होते. अखेरीस विरंजन व स्थायीकरण करून सर्व रजत काढून टाकतात व केवळ रंजकांचे धनचित्र शिल्लक राहते. ऋणचित्राच्या उद्भासनातील चूक छपाईच्या वेळी बरीचशी सुधारता येते. उत्क्रमी फिल्मला ही सवलत नसल्याने उद्भासन जवळजवळ अचूक असावे लागते.

इतिहास : १९२३ मध्ये कोडॅक कंपनीने हौशी चित्रणासाठी १६ मिमी. फिल्म बाजारात आणली. ती प्रारंभापासूनच उत्क्रमी, मात्र कृष्णधवल होती. ऋण व धन अशा दोन फिल्मांऐवजी एकीवरच काम भागावे, हा त्यामागील आर्थिक हेतू होता. आगीचा धोका टाळण्यासाठी तिचा आधार ज्वालाग्राही नायट्रेटचा न करता ॲसिटेटचा करण्यात आला. १९३२ मध्ये ८ मिमी. फिल्म आली. १६ मिमी. रुंदीची २५ फूट पट्टी कॅमेऱ्यातून दोनदा फिरवून व विकसनानंतर मधोमध चिरून ५० फूट चित्रण मिळे. सेकंदास १६ चित्रे या गतीने ते सु. चार मिनिटे चाले.

लिओपोल्ड मॅनेस व लिओपोल्ड गोडोस्की या दोघा संगीतज्ञांच्या संशोधनातून सिद्ध झालेली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये १६ मिमी. रुंदीत आणि १९३६ मध्ये ८ मिमी. व पारदर्शिकांसाठी ३५ मिमी. रुंदीत उपलब्ध झाली. तिच्यात रंगजनक द्रव्ये फिल्ममध्ये नसून विकासकात असत. त्यामुळे पायस पातळ व चित्र रेखीव राही. परंतु विकसन इतके गुंतागुंतीचे होई, की ते मोजक्या प्रयोगशाळांतच शक्य होते. १९३६ मधील आग्फाकलर व १९४६ मधील एक्टाक्रोम या फिल्मांत रंगजनक द्रव्ये थरांतच असल्याने त्यांचे विकसन साध्या प्रयोगशाळेतही करता येऊ लागले. १९६५ मध्ये सुपर ८ फिल्मची डबी आली. फिल्म हाताने ओवण्याची गरज न राहिल्याने चलच्चित्रण सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले. मात्र एका डबीत सेकंदास १८ चित्रे या गतीने ३ मिनिटे २० सेकंदांचेच चित्रण मावे.

भारतातील परिस्थिती : चित्रण येथे व विकसन दूरदेशी, हा प्रकार महाराष्ट्राला चलच्चित्रणाच्या आरंभापासून परिचित आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डन येथे कुस्तीचे चित्रण केले, तेव्हा ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे कच्च्या फिल्मच्या आयातीवर नियंत्रणे आली. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याचा भर कृष्णधवल व क्ष-किरण फिल्मवर राहिला. रंगीत फिल्मसाठी हौशी चित्रकाराला परदेशी मालावरच विसंबावे लागे. त्यात पूर्व जर्मनीतील ओर्वो फिल्मचा वाटा मोठा होता. टंचाईमुळे फिल्म जपून वापरली जाई. एकाच रिळात वाढदिवस, यात्रा व विवाह असे काही महिन्यांच्या अंतराने घेतलेले प्रसंग सापडतात, ते यामुळेच.

ऋणचित्राच्या अभावी प्रत काढण्याची अडचण कशी सोडविली जाई, याचे उदाहरण आनंद पटवर्धन यांच्या क्रांति की तरंगें या माहितीपटात आढळते. १९७४ मधील बिहार आंदोलनाचे सुपर ८ वरील चित्रण पडद्यावर प्रक्षेपित करून ते १६ मिमी. कॅमेऱ्याने पुन्हा चित्रित करण्यात आले. आणीबाणीच्या काळात या माहितीपटाची प्रत तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली. प्रत निघाली, म्हणूनच ते चित्रण टिकले.

गोंदिया जिल्हा : या जिल्ह्यातील काही विषय असे आहेत, की त्यांचे पूर्वरूप रंगांत पाहावयाचे झाल्यास उत्क्रमी फिल्मवरच भिस्त ठेवावी लागते. त्यांपैकी रेल्वे हा एक होय. गोंदिया येथून जबलपूरकडे व चांदा फोर्टकडे जाणारे ७६२ मिमी. रुंदीचे अरुंदमापी मार्ग होते. तेथील वाफेची एंजिने ही रेल्वेच्या देशी-विदेशी अभ्यासकांच्या आकर्षणाचा विषय होती व त्यांनी त्यांच्या रंगीत पारदर्शिका घेतल्या. चांदा फोर्ट मार्गाचे रुंदमापी रूपांतर १९९० नंतरच्या दशकात, तर जबलपूर मार्गाचे टप्प्याटप्प्याने सु. २०२१ पर्यंत पूर्ण झाले. नागझिरा अभयारण्य (१९७०) व नवेगाव राष्ट्रीय उद्यान (१९७५) यांचा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्याआधीची वनस्थिती, माजी मालगुजारी तलावांचे काठ, धानाच्या बांध्या व तेथे वावरणारे सारस पक्षी यांच्या जुन्या रंगीत चित्रांनाही असेच मोल आहे.

याउलट काही विषय या माध्यमात येऊ शकले नाहीत. कोडाक्रोमची संवेदनक्षमता आरंभी सु. १० एएसए व १९६१ मध्येही २५ एएसए एवढीच होती. भर उन्हातील कापणी तिच्यावर उत्तम उमटे. परंतु रात्रभर चालणारी दंडार वा झाडीपट्टीतील नाटके कंदिलाच्या व मंडपातील दिव्यांच्या उजेडात घेणे जवळजवळ अशक्य होते. जुन्या संग्रहांत दिवसाचे जीवन भरपूर व रात्रीचे विरळ दिसते. ते समाजाचे नसून फिल्मच्या मर्यादेचे चित्र आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवणे आवश्यक असते.

संग्रहातील शोधाच्या दृष्टीने प्रशासकीय बदलही विचारात घ्यावे लागतात. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनाने झाला. त्यापूर्वीच्या रिळांच्या डब्यांवर व पारदर्शिकांच्या चौकटींवर 'भंडारा' असेच नाव सापडणार. हा प्रदेश १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० ते १९५६ मध्य प्रदेश आणि १९५६ ते १९६० मुंबई राज्य यांत मोडत होता. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अभ्यास केंद्रात भारतात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांची घरगुती चलच्चित्रे जतन केलेली आहेत. अशा संग्रहांत 'गोंदिया जिल्हा' या नावाने शोध घेतल्यास हाती काही लागणार नाही. जुन्या प्रांताचे, स्थानकाचे वा तलावाचे नाव घेऊनच तो घ्यावा लागतो.

ऱ्हास व जतन : जुन्या एक्टाक्रोम फिल्मांतील हिरवट निळे रंजक अंधारात ठेवूनही उडते व चित्र तांबूस होते, सारसाचे राखी अंग गुलाबी दिसू लागले, तर तो पक्ष्याचा नव्हे, फिल्मचा बदल होय. कोडाक्रोम अंधारात दीर्घकाळ टिकते, पण प्रक्षेपकाच्या प्रखर प्रकाशात लवकर फिकटते. ॲसिटेट आधाराचे विघटन झाल्यास व्हिनेगरसारखा वास येतो, पट्टी आकसते व तिची छिद्रे प्रक्षेपकाच्या दात्यांशी जुळत नाहीत. उष्णता व दमटपणा यांमुळे ही क्रिया वेगाने होते. उन्हाळ्यात ४२° से. च्या वर जाणारे तापमान आणि त्यापाठोपाठ येणारा भरपूर पाऊस यांमुळे पूर्व विदर्भातील माळ्यावरची ट्रंक ही फिल्मसाठी अत्यंत प्रतिकूल जागा ठरते. जिलेटिनावर बुरशीही चढते. अशी पट्टी प्रक्षेपकावर न चढविता हाताने तपासून, थंड व कोरड्या जागी ठेवून, क्रमवीक्षकाद्वारे तिचे संगणकीय रूपांतर करून घेणे इष्ट असते. रूपांतरानंतरही मूळ पट्टी टाकून देऊ नये. कारण पुढील काळातील अधिक चांगल्या यंत्रास तीच लागते. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४, २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) हे या क्षेत्रातील देशातील प्रमुख केंद्र आहे.

अस्त : १९८० नंतर व्हिडिओ कॅमेऱ्याने अरुंद फिल्मची व २००० नंतर अंकीय कॅमेऱ्याने पारदर्शिकांची जागा घेतली. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. तिच्या अखेरच्या रिळातील काही चित्रे स्टीव्ह मॅकरी यांनी २०१० मध्ये मुंबईत घेतली. तिचे विकसन करणारी अमेरिकेतील कॅनझस राज्यातील शेवटची प्रयोगशाळा ३० डिसेंबर २०१० नंतर नवीन रिळे स्वीकारीनाशी झाली. एक्टाक्रोम २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. परंतु न धुतलेल्या कोडाक्रोमच्या रिळातून आता फार तर कृष्णधवल प्रतिमा मिळू शकते. धुतलेल्या रिळांतील रंग मात्र अजून वाचविता येतात. ती रिळे बहुतांशी सार्वजनिक संस्थांत नसून घरांत आहेत. डब्यावर स्थळ, वर्ष व व्यक्ती यांची नावे लिहून ठेवणारी पिढी हयात असतानाच त्यांची सूची होणे, हे जिल्ह्याच्या इतिहासलेखनाचे तातडीचे काम होय.