राज्याभिषेक आणि राज्यारोहण

दुसऱ्या एलिझाबेथ २ जून १९५३ रोजी ‘राणी झाल्या’ असे म्हटले जाते. ते बरोबर नाही. त्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचा राज्याभिषेक झाला. राणी त्या ६ फेब्रुवारी १९५२ लाच, वडिलांच्या निधनाबरोबर झाल्या होत्या. जुन्या काळी इंग्लंडमध्ये कारकीर्द अभिषेकापासून मोजत. पण १२७२ मध्ये तिसरा हेन्री वारला तेव्हा त्याचा मुलगा पहिला एडवर्ड क्रूसेडवर (धर्मयुद्धावर) होता. त्याचा अभिषेक १२७४ मध्ये झाला, तरी कारकीर्द १२७२ पासूनच धरली गेली. आठव्या एडवर्डच्या डोक्यावर तर मुकुट कधी चढलाच नाही. तरी डिसेंबर १९३६ मध्ये त्याचा राजत्याग अमलात आणायला पार्लमेंटला कायदा करावा लागला. जो राजाच नव्हता, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कोण करील? यावर कोणी म्हणेल, अभिषेकातली शपथ कायद्यानेच सक्तीची आहे, मग सोहळा नुसती शोभा कसा? शोभा नाहीच, पण शपथ राजाला बांधते, राजा घडवत नाही. घोटाळा बहुधा आपल्या शब्दामुळे होतो: १६७४ मध्ये रायगडावर अभिषेक झाला आणि शिवाजी महाराज छत्रपती झाले, तोच शब्द आपण लंडनलाही लावतो.